रुमाल टाकलेली कनेक्शनं

“आता मी डायलिसिसला जाणार नाही. बास झालं,” असं आमच्या ह्यांनी सांगितलं तेव्हा मी मटकी निवडत होते. मी म्हटलं, “बरं.” आणि निवडत राहिले. एक खडा सापडला, तो बाजूला टाकला. मग मटकी धुतली, भिजत घातली, डबा भरला आणि ऑफिसला निघून गेले.

माझा मूळचा स्वभाव असा नाही. माहेरी मला फटाकडी म्हणायचे. रिक्षावाल्यांशी भांडले, बँकेतल्या बाईंशी भांडले, सासरच्यांशी तर काय, रीतसर भांडले. ह्यांच्याशी रोज सकाळी एक तरी ठिणगी पडल्याशिवाय आमचा चहा गोड लागायचा नाही. पण ह्यांच्या किडन्या गेल्या, कारखान्यातली सुपरवायझरची नोकरी गेली, आणि त्याच्यापाठोपाठ माझ्यातलं एकेक काहीतरी गेलं. आधी भांडण गेलं. मग रडू गेलं. मग नुसतं करत राहणं उरलं. गाडी काढायची, ह्यांना सेंटरवर सोडायचं, औरंगपुऱ्यात ऑफिसला जायचं, परत आणायला जायचं. लोक म्हणायचे, किती खंबीर आहात हो तुम्ही. खंबीर कसलं डोंबल! मला काही वाटतच नव्हतं.

त्या वेळी हे “जाणार नाही” म्हणाले खरे, पण डायलिसिसच्या पाळीच्या दिवशी मी गाडी काढली आणि हे मुकाट्यानं मागं बसले. का बसले, मी विचारलं नाही.

सेंटर एका ट्रस्टचं, क्रांती चौकापासून थोडं आत. यंत्रं मोजकी आणि पेशंट उदंड. प्रत्येकाचे वार ठरलेले, पण सकाळची पाळी मिळणार की दुपारची, हे नंबरावर. तो नंबर आदल्या संध्याकाळी मोबाईलवरून घ्यायचा. आणि नंबर घ्यायची ती वेबसाईट आमच्या कंपनीची. कंपनी म्हणजे साड्यांच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, आमचे सर आणि आम्ही हातावर मोजण्याइतकी माणसं. वेबसाईट मूळची सरांनी बनवलेली, सांभाळायची मी. म्हणजे नवऱ्याचा नंबर ज्याच्यात लागायचा ते चालू ठेवणं हाच माझा पगाराचा धंदा होता.

सेंटरच्या व्हरांड्यात नातेवाईक बसून असतात. गावाकडची माणसं, खुलताबाद-कन्नडकडून पहाटेच्या गाडीनं आलेली, डबे, चटया, पाण्याच्या बाटल्या. त्यातल्या कोणीतरी एकदा आमच्या ह्यांच्या हातात मोबाईल दिला, “भाऊ, जरा बघा की, हे उघडंना गेलंय.” ह्यांनी उघडून दिलं. दुसऱ्या वेळी दोघं आले, मग रांगच लागली. पासवर्ड विसरला, या. रिपोर्ट दिसत नाही, या. थोड्याच दिवसांत हे ‘भाऊ’चे ‘साहेब’ झाले.

मग मी बघितलं तर हे पाळीच्या दिवशी दाढी करायला लागले. इस्त्रीचा शर्ट मागायला लागले. “जरा लवकर निघू, लोक वाट बघत असतात,” असं म्हणायला लागले. जाणार नाही, हा विषय परत निघाला नाही. मला आनंद झाला म्हणावं तर तसंही नाही. बरं झालं, एवढंच वाटलं. पण डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. हा माणूस सुया टोचून घ्यायला जात नाहीये, साहेब व्हायला जातोय. ज्या दिवशी तिथं त्यांना कोणी साहेब म्हणणार नाही, त्या दिवशी हे उठणार नाहीत. आणि डायलिसिस सोडलेला माणूस फार दिवस राहत नाही, हे तिथल्या व्हरांड्यात कोणाला सांगावं लागत नाही.

असंच एका सकाळी ह्यांना सोडून मी ऑफिसात पोचते न पोचते तोच सेंटरवरून फोन. वेबसाईट बंद. सरांनी मलाच परत पिटाळलं.

जाऊन बघते तर काउंटरवर सिस्टर बसलेल्या आणि स्क्रीनवर चाक फिरतंय. समोर एक गडी उभा, खांद्यावर घोंगडी, मेंढरं सोडून आलेला. आई बाकावर बसलेली, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. अंगात पाणी साचलं की असाच श्वास लागतो.

“बाई,” तो मला म्हणाला, “काचंतून बघा की. त्यो पलंग रिकामा हाय, यंत्र बी रिकामं हाय. मग माझ्या मायला आत का घेईनात?”

“कॉम्प्युटर घेत नाहीये, दादा,” सिस्टर म्हणाल्या. “नोंद झाल्याशिवाय स्टोअरवाला सामान देत नाही. मी काय करू?”

“कॉम्प्युटरला काय दिसतंय वो तिची छाती कशी उडायलीय ते?”

शेवटी सिस्टरनं कागदावर लिहून घेतलं, स्टोअरवाल्याशी हुज्जत घातली आणि म्हातारीला आत नेलं. पण तोवर म्हातारीचे ओठ काळे-निळे पडले होते. मी ते बघितलं आणि लॅपटॉप उघडला.

झालं होतं काय, ते सांगते. आमची सगळी माहिती ज्या डेटाबेसात असते, त्याला एका वेळी ठरावीकच कनेक्शनं झेपतात. तिकिटाच्या जितक्या खिडक्या तितकीच माणसं उभी राहणार. सरांनी पहिल्यापासून असं ठेवलं होतं की जो कोणी लॉगिन करेल, त्याला त्याचं स्वतःचं, त्याच्या नावाचं कनेक्शन. हेतू चांगला होता. ह्याचे रिपोर्ट त्याला दिसू नयेत, ही राखण डेटाबेसनंच करावी. माणसानं पान बंद केलं की कनेक्शन सुटायचं. पण पान उघडं असेल तर ते दर थोड्या वेळानं आपला नंबर काय झाला ते विचारत राहायचं, आणि कनेक्शन धरून ठेवायचं. त्या सकाळी मी बघितलं तर सगळी कनेक्शनं अडकलेली. रात्रीपासून एकेक करत भरलेली, आणि ह्यांची नोंद झाल्यावर उरलेलं शेवटचंही गेलेलं. एकेका पेशंटच्या नावानं, नुसती धरून ठेवलेली. सिस्टरच्या काउंटरला उभं राहायला जागा नव्हती.

व्हरांड्यात खुलताबादच्या एक खाला, म्हणजे मावशी, होत्या. त्यांच्या मुलीचं डायलिसिस चालायचं. मी त्यांच्याशेजारी टेकले आणि त्यांचा मोबाईल मागितला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल, चार्जरच्या वायरीनं भिंतीला बांधलेला, आणि त्यावर आमचं पान उघडं.

“खाला, हे बंद का करत नाही?”

“बंद नक्को करो बोले ना साब! बंद किया तो नंबर जाता.”

“कोण साब?”

खालांनी हनुवटीनं काचेच्या आत दाखवलं. आत आमचे हे पडले होते, हाताला दोन सुया लावून, डोळे मिटून.

कर्म माझं! मी आत गेले. विचारलं तर हे म्हणाले, “मग? एकदा पान बंद केलं आणि माझा नंबर गेला होता. पुढच्या वेळी उघडं ठेवलं तर राहिला. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो की नाही आपण, जागा धरायला? तसं समजायचं. रुमाल उचलला की जागा गेली. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. माझी मिसेस त्याच कंपनीत आहे म्हटल्यावर लोक ऐकतात.”

त्यांचा नंबर गेला नव्हता, त्या दिवशी नेटवर्क पडलं म्हणून तो लागलाच नव्हता. नंबर एकदा लागला की लागला, पान उघडं असो की बंद. रुमालाचं नावसुद्धा काढायची गरज नाही. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. पूर्वीची मी असते तर तिथंच, त्या यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून म्हटलं असतं, अहो, ती घोंगडीवाल्याची आई तुमच्या रुमालापायी तडफडत होती! पण हे माझ्याकडे असे बघत होते की, शाबासकी कधी देतेस. मी म्हटलं, “बरं.” आणि बाहेर आले. चिडायला पाहिजे होतं. चीड आलीच नाही.

सरांना मी सांगितलं की लोक पान उघडं ठेवतात. कोणाच्या सांगण्यावरून, ह्याची ताकास तूर लागू दिली नाही.

“सोपं आहे मॅडम,” सर म्हणाले. “थोड्या वेळानं आपोआप लॉगआउट करून टाका. आणि तिथं एक कागद चिकटवा, पान उघडं ठेवून काही उपयोग नाही म्हणून. विषय संपला.”

“कप्पाळ संपतो विषय! तुम्ही बाहेर काढलं की ते घाबरून परत लॉगिन करणार. पुन्हा काढलं, पुन्हा येणार. रात्रभर तोच खेळ. कागदबिगद काही नको. मुळातच चूक आहे आपली. माणशी एक कनेक्शन हेच चुकलंय.”

मी टेबलावर हात आपटला. सर दचकले. मला वाटतं, मी अशी बोललेली त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. माझं म्हणणं खोटं नव्हतं, पण खरं कारणही ते नव्हतं. कागद लागला असता तर ह्यांचं साहेबपण गेलं असतं. मला अशी व्यवस्था पाहिजे होती की लोकांनी खुशाल पानं उघडी ठेवावीत, कोणाचं काही अडू नये, आणि हे खोटे ठरू नयेत. सरांनी मान हलवली आणि काम माझ्या गळ्यात टाकलं.

काम सांगायला सोपं होतं. कनेक्शनं थोडीच ठेवायची, पण सगळ्यांत मिळून. कोणी बटण दाबलं की त्यातलं एक उचलायचं, त्यावर त्या माणसाच्या नावाचा शिक्का मारायचा, काम करून घ्यायचं, शिक्का पुसायचा आणि कनेक्शन परत ठेवायचं. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग पान दिवसभर उघडं राहिलं तरी त्याच्या हातात काही राहत नाही. ह्यात अडचण एकच. शिक्का पुसायचा राहिला तर पुढच्या माणसाला आधीच्याचे कागद दिसतात. त्या पुसण्यानं माझ्या नाकी नऊ आणले.

ऑफिसात वेबसाईटची, आतल्या माहितीसकट, एक वेगळी नक्कल होती, तपासण्यासाठी. त्यात मी आधी ह्यांच्या नावानं शिरले, मग खालांच्या मुलीच्या नावानं. मुलीचा रिपोर्ट उघडला आणि समोर आला तो ह्यांचा. मी लगेच ओळखलं, कुठंतरी शिक्का पुसला गेला नाहीये. कुठं ते शोधलं, दुरुस्त केलं, पुन्हा तपासलं, बरोबर आलं. चहा प्यायले. संध्याकाळी गाडी काढताना लक्षात आलं की तो रिपोर्ट ह्यांचा होता आणि मी तो वाचला होता. आकडे आधीपेक्षा वाईट होते. बरेच वाईट. मी किल्ली लावली. सिग्नलला थांबले. घरी येताना कोथिंबीर घेतली. माझी मलाच भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही.

नवी व्यवस्था चालू झाली आणि अशी झटक्यात चालली की सिस्टरनं फोन करून सांगितलं. लोक पानं उघडी ठेवतच होते. कोणाचं काही अडत नव्हतं. आमचे हे तर मला म्हणाले, “बघ, कसं भराभर चालतंय आता. सगळ्यांना शिस्त लावून दिली मी.” मनात म्हटलं, ऐका आता, शिस्त म्हणे! पण एकूण सगळं मनासारखं झालं होतं.

आमच्या सरांना मात्र टापटिपीची भारी हौस. पुढच्या पाळीला आम्ही पोचलो तर काउंटरशेजारी भिंतीवर छापील कागद. ‘पान उघडे ठेवल्याने नंबर राखला जात नाही. नंबर घेतल्यावर पान बंद करावे. अफवांवर विश्वास ठेवू नये.’ खाली आमच्या कंपनीचं नाव.

मी वाचलं. ह्यांनी वाचलं. हे वाचत होते तेव्हा व्हरांड्यातली सगळी माणसं ह्यांच्याकडे बघत होती.

खालांनीच सुरुवात केली. “क्या साब! रातभर मेरेकू जगाके रक्खे ना तुम. मैं तो मोबाईल को बच्चे जैसा संभाली!”

“माझ्या मोबाईलची बॅटरी पार फुगली की वो साहेब तुमच्यापायी,” घोंगडीवाला म्हणाला.

सगळे हसले. त्यात वाईट काही नव्हतं, चेष्टा होती, प्रेमाची. हे पण हसले. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि ते कोणाकडे न बघता आत निघून गेले. त्यांची मिसेस त्याच कंपनीत आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. कागद मीच लावला, असंच त्यांना वाटलं असणार.

घरी येऊन हे भिंतीकडे तोंड करून झोपले. मी बाहेर जिन्यात उभी राहून सरांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. सर बिचारे म्हणाले, “अहो मॅडम, पण त्यात खोटं काय आहे?” खोटं काहीच नव्हतं.

पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी हे जेमतेम जेवले. मोबाईल उशाशी उपडा पडलेला. नंबर घेतला का, असं विचारावं म्हणून मी संध्याकाळी दोनदा त्यांच्याजवळ गेले आणि दोनदा फ्रीज उघडून परत आले. मग लॅपटॉप घेऊन बसले. जुन्या पद्धतीत एका नजरेत कळलं असतं. त्यांनी लॉगिन केलं असतं तर त्यांच्या नावाचं कनेक्शन तिथं दिसलं असतं. आता सगळी कनेक्शनं बिननावाची. मीच पुसून ठेवली होती. तरी नंबरांच्या टेबलात बघता आलं असतं, एक ओळ लिहायचा अवकाश. मी बोटं ठेवली, आणि माझ्याच्यानं ती ओळ लिहवेना. नसला नंबर तर? लिहिलं आणि रिकामं आलं तर? लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसला, पुन्हा पुसला. छातीत काहीतरी धडधडत होतं आणि ते माझंच आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला.

सकाळी बाहेर नुकतं फटफटायला लागलं होतं. हे पडलेलेच होते. एरवी ह्या वेळी न्हाणीघरातून दाढीच्या पाण्याचा आवाज यायचा. शर्ट खुंटीवर तसाच. मी दारात उभी राहिले आणि काय झालं मला माहीत नाही, एकदम फुटलेच.

“उठा! उठा म्हणते ना! जायचं आहे. लोक हसले तर हसले, मेलं काय झालं त्यात! तो कागद मी लावला नाही. मी तर तुमचं तेवढं नाव राहावं म्हणून आख्खी वेबसाईट उलटीपालटी केली, कळलं? सगळी! मला नाही जमणार तुमच्याशिवाय. ऐकताय का? मला तुम्ही पाहिजे. साहेब राहा नाहीतर राहू नका, पण मला तुम्ही पाहिजे!”

आमच्या बिल्डिंगीतल्या सगळ्यांनी ऐकलं असेल. हे डोळे चोळत उठून बसले. केस उभे, चेहरा सुजलेला.

“अगं, गजर तर होऊ दे,” ते म्हणाले. “दुपारची पाळी आली आज. नंबर उशिरा घेतला.”

मी तिथंच पलंगाच्या कडेला बसले आणि रडायला लागले. तोंडावर पदरही घेता येईना इतकं. ह्यांना काय करावं सुचेना. ते तसे अवघडणारेच. त्यांनी हात पुढं केला आणि माझ्या डोक्यावर ठेवला, मग खांद्यावर आणला. तो डावा हात, सुया टोचायचा. डॉक्टरांनी त्यात धमनीला शीर जोडून दिलेली आहे, तिथं रक्त जोरानं धावतं. मी त्या हाताला कधी हात लावला नव्हता, इतक्या दिवसांत. माझा कान त्याला लागला. आत घरघर चालली होती, एकसारखी, न थांबता.

“आवाज येतो होय?” हे म्हणाले. “मला रोज रात्री येतो. जरा दमानं रड, तो हात दाबायचा नसतो.”

मी डोकं थोडं उचललं, पण कान काढला नाही.

“तो कागद तू लावलास असं मला वाटलंच नव्हतं,” ते म्हणाले. “तू लावला असतास तर आधी घरी येऊन माझ्याशी भांडली असतीस.”

“मी कुठं भांडते आता?”

“तेच म्हणतोय मी. लई दिवस झाले.”

मग गजर झाला. त्यांनी उजव्या हातानं तो बंद केला आणि म्हणाले, “चहा टाक. मला अर्धाच कप.”